पोर्ट्स्मथचें ख्रिस्ती दूरचित्रवाणी-केंद्र व त्याच्या संस्थापकाची बखर

बखर म्हटली कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर बोरूनें लिहिलेली व रुमालांत बांधलेली पोथी उभी राहते. परंतु बखरीचें बखरपण कागदावर किंवा लिपीवर अवलंबून नसतें. घटना घडून गेल्यावर, तिचें फळ हातीं लागल्यावर, त्या फळावर दृष्टि ठेवून मागील हकीकत सांगितली गेली म्हणजे ती कोणत्याहि देशांत व कोणत्याहि शतकांत बखरच होय. आणि तिला लावावयाच्या कसोट्याहि त्याच. प्रस्तुत लेखांत परीक्षणास घेतलेला ग्रंथ अमेरिकेंतील आहे. पॅट रॉबर्टसन यांनीं जेमी बकिंगहॅम या लेखकाच्या साह्यानें तो १९७२ सालीं प्रसिद्ध केला. 'शाउट इट फ्रॉम द हाउसटॉप्स' हें त्याचें नांव. एकांतांत ऐकलेलें घराच्या धाब्यावरून पुकारावें, अशा अर्थाच्या शुभवर्तमानांतील वचनावरून तें घेतलेलें आहे. व्हर्जिनिया संस्थानांतील पोर्ट्स्मथ या बंदराच्या गांवीं एक ख्रिस्ती दूरचित्रवाणी-केंद्र कसें निघालें व कसें तगलें, याची हकीकत त्यांत आहे. त्या केंद्राच्या आरंभीच्या दहा वर्षांविषयीं लिहूं इच्छिणारे बहुतेक लेखक आजहि याच ग्रंथाकडे वळतात. म्हणून तो कोठें व किती विश्वसनीय आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

धर्मश्रद्धेचा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. प्रार्थनेस उत्तर मिळतें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार इतिहाससंशोधकास नाहीं. उत्तर मिळालें असें ज्या दिवशीं सांगितलें जातें, त्या दिवशीं पेटींत किती रक्कम होती, एवढें विचारण्याचा मात्र त्यास अधिकार आहे व तें त्याचें कर्तव्यहि आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी घेऊं. रॉबर्टसन यांचा जन्म २२ मार्च १९३० रोजीं व्हर्जिनियांतील लेक्सिंग्टन येथें झाला. त्यांचे वडील ए. विलिस रॉबर्टसन हे १९४६ पासून १९६६ पर्यंत अमेरिकेच्या सेनेटचे सभासद होते. पुत्रानें १९५५ सालीं येल येथें कायद्याची पदवी घेतली. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेंत त्यांस अपयश आलें. पुढें न्यूयॉर्कमध्येंच धर्मशास्त्राचें शिक्षण घेऊन १९५९ च्या अखेरीस ते सहकुटुंब पोर्ट्स्मथला आले. तेथें २७ क्रमांकाच्या मार्गावर पूर्वीं डब्ल्यू-टी-ओ-व्ही नांवाचें एक केंद्र चालून बंद पडलें होतें. तें त्यांनीं घेतलें. ११ जानेवारी १९६० रोजीं 'ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क' ही नफा न घेणारी संस्था नोंदविली गेली, आणि केंद्राचें पहिलें प्रक्षेपण १ ऑक्टोबर १९६१ रोजीं झालें.

केंद्राच्या नांवाविषयीं थोडें थांबावेंसें वाटतें. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अमेरिकन केंद्रांचीं नांवें बहुधा 'डब्ल्यू' या अक्षरानें आरंभ होतात. पुढील तीन अक्षरें वाय, ए, एच् अशीं घेऊन रॉबर्टसन यांनीं इब्री ईश्वरनामाचें 'याह' हें संक्षिप्त रूप साधलें. 'हालेलूया' या शब्दाच्या शेवटीं आहे तेंच हें रूप. १९६२ सालीं संस्थेनें एक नभोवाणी-केंद्रहि चालू केलें. त्यास डब्ल्यू-एक्स-आर-आय असें नांव दिलें, तेंहि ख्रिस्तनामाच्या ग्रीक अक्षरांवरून. सरकारी नोंदवहींत केवळ खुणेकरितां द्यावयाच्या चार अक्षरांत देवाचें नांव बसविणारा मनुष्य शब्दाचें सामर्थ्य जाणतो, एवढें तरी त्यावरून ठरतें. दुसरी गोष्ट संस्थेच्या नोंदणीवरून ठरते. त्या दिवशीं संस्थेचें एकहि केंद्र चालू नव्हतें; तरी तिच्या नांवांत 'नेटवर्क', म्हणजे केंद्रांचें जाळें, हा शब्द आहे. पुढील विस्ताराची आकांक्षा मागाहून कल्पिलेली असावी अशी शंका कोणी घेतली, तर १९६० चा हा कागद तिचें निरसन करतो. बखरींतील दहा पानांपेक्षां असा एक शब्द आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आतां बखरीकडे वळूं. मीमांसकांनीं अर्थवादाचे तीन प्रकार मानले आहेत. जें वाक्य दुसऱ्या प्रमाणाशीं विरोधी असतें तो गुणवाद. दुसऱ्या प्रमाणानें आधींच सिद्ध झालेलें जें सांगतें तो अनुवाद. आणि ज्यास विरोधहि नाहीं व दुजोराहि नाहीं तो भूतार्थवाद. ही विभागणी वेदवाक्यांसाठीं झाली असली तरी संस्थापकांच्या आत्मचरित्रांस ती फार चांगली लागू पडते. किंबहुना अशा ग्रंथांत प्रशस्तीचा भागच मोठा असल्यानें ती तेथें अधिकच उपयोगी आहे.

रॉबर्टसन पोर्ट्स्मथला आले तेव्हां त्यांच्या खिशांत ७० डॉलर होते. संस्थेचें बँकेंतील खातें ३ डॉलरांनीं उघडलें. बंद पडलेलें केंद्र घेण्यासाठीं ३७,००० डॉलर हा आकडा त्यांस प्रार्थनेंत सुचला. हीं तीन विधानें त्यांच्याविषयींच्या लेखांत व चरित्रांत पुनः पुनः आढळतात. पहिलें विधान भूतार्थवाद समजावें. खिसा तपासणारा साक्षी कोणी नाहीं व खोटें मानण्यास कारणहि नाहीं. मात्र त्याच वेळीं या गृहस्थाचे वडील सेनेटच्या बँकविषयक समितीचे अध्यक्ष होते, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें. वडिलांच्या वजनानें परवाना मिळाला, असें म्हणावयास आम्हांस कोणताहि आधार दिसत नाहीं व तसें आम्ही म्हणत नाहीं. सत्तर डॉलरांचें दारिद्र्य आणि सेनेटरच्या घरचें नांव हीं दोन्हीं एकाच वेळीं खरीं असूं शकतात. बखर पहिल्याचा उच्चार मोठ्यानें करते व दुसऱ्याचा हळू, इतकेंच. दुसरें विधान बँकेच्या खातेवहीवरून सिद्ध होण्याजोगें आहे. तोंवर त्यासहि पहिल्याच्याच पंक्तींत बसवावें.

तिसऱ्या विधानाचा विचार अधिक विस्तारानें केला पाहिजे, कारण या केंद्राच्या जन्माचें रहस्य त्यांतच आहे. अमेरिकेंत दूरचित्रवाणीचे परवाने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन देतें. १९३४ च्या कायद्यानें तें स्थापन झालें. या कमिशननें १९४८ त नवे परवाने देणें थांबविलें आणि १४ एप्रिल १९५२ च्या निर्णयानें तें पुनः सुरू करतांना १४ पासून ८३ पर्यंतचे नवे मार्ग खुले केले. हे मार्ग 'यू. एच. एफ.' या अधिक कंप्रतेच्या लहरींचे होते. अडचण अशी कीं, लोकांच्या घरीं असलेले बहुसंख्य संच २ पासून १३ पर्यंतचेच मार्ग पकडीत. वरचा मार्ग पाहावयाचा तर निराळें यंत्र जोडावें लागे, व तें जोडूनहि चित्र अंधुक येई. परिणाम व्हावयाचा तोच झाला. वरच्या मार्गांवर उभारलेलीं अनेक केंद्रें थोड्याच वर्षांत बुडालीं, आणि ज्यांना जमलें तीं खालच्या मार्गांवर उतरलीं. पोर्ट्स्मथ-नॉरफॉक भागांतच याचें उत्तम उदाहरण आहे. डब्ल्यू-व्ही-ई-सी हें केंद्र १९५३ त १५ व्या मार्गावर निघालें व १९५९ त, म्हणजे रॉबर्टसन त्या गांवीं आले त्याच वर्षीं, १३ व्या मार्गावर गेलें. ३ व १० या मार्गांवर दोन केंद्रें आधींच चालू होतीं. तेव्हां त्या भागांत खालच्या मार्गांवर तीन दुकानें मांडलेलीं, आणि २७ वा मार्ग म्हणजे वाहता रस्ता सोडून आडरानांत पडलेली ओस पडवी. तिची किंमत पडणारच. आकडा प्रार्थनेंत सुचला असेल. तो मालकास मान्य होण्याइतका बाजार खालीं आला होता, ही गोष्ट कमिशनच्या १९५२ च्या निर्णयापर्यंत मागें जाते. बखरींत या कारणपरंपरेस जी जागा मिळावयास हवी होती ती मिळालेली नाहीं.

याच कारणपरंपरेचा दुसरा टोंक पुढें १९६२ त सांपडतो. त्या वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून सर्व मार्ग पकडणारे संच बनविणें कारखानदारांवर बंधनकारक केलें, व तो नियम १९६४ च्या एप्रिल-अखेरपासून तयार होणाऱ्या संचांस लागू झाला. बखरीप्रमाणें केंद्राचें भाग्य १९६५ च्या सुमारास फिरलें व त्याचें कारण तेथें उसळलेली भक्तीची लाट. लाट आली नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाणी घरांत पोंचल्याशिवाय लाट घरांत उसळत नाहीं. आणि नवे संच घरोघर येऊं लागले ते याच वर्षांत. दोन्हीं कारणें शेजारीं शेजारीं मांडणारा इतिहास आम्हांस हवा आहे.

आतां 'पहिलें' या शब्दाचा विचार. हें अमेरिकेंतील पहिलें ख्रिस्ती दूरचित्रवाणी-केंद्र होय, असें सर्रास लिहिलें जातें. आद्यत्वाचे वाद आमच्या वाचकांस नवे नाहींत. आद्य कवि, आद्य शिलालेख, आद्य मुद्रित ग्रंथ, प्रत्येकाच्या मागें एक विशेषण दडलेलें असतें व तें काढलें कीं आद्यत्व डळमळूं लागतें. येथेंहि तसेंच आहे. धर्मसंस्थेच्या मालकीचें केंद्र असा अर्थ घेतला तर हें विधान सरळ गुणवाद ठरतें. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे येथील डब्ल्यू-बी-ए-वाय हें केंद्र नॉर्बर्टाइन पंथाच्या कॅथोलिक मठाच्या मालकीचें असून तें १९५३ च्या मार्चपासून चालू होतें. नोत्र दाम या कॅथोलिक विद्यापीठाचें केंद्र १९५५ त व न्यू ऑर्लिन्सच्या लॉयोला विद्यापीठाचें १९५७ त निघालें. हीं केंद्रें मुख्यतः इतर व्यापारी केंद्रांसारखेच कार्यक्रम दाखवीत, ही गोष्ट खरी. धार्मिक कार्यक्रम हा अर्थ घेतला तरी आद्यत्व टिकत नाहीं; बिशप फुल्टन शीन यांचीं प्रवचनें ड्युमाँट या कंपनीच्या केंद्रांवरून १९५२ पासूनच दिसत होतीं. नभोवाणीचा हिशेब धरला तर आणखी मागें, २ जानेवारी १९२१ पर्यंत जावें लागतें. त्या दिवशीं पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना के-डी-के-ए केंद्रानें प्रक्षेपित केली. मग उरतें तें काय? आपल्या वेळेचा अर्ध्याहून अधिक भाग धार्मिक कार्यक्रमांस देण्याचा परवाना मिळालेलें पहिलें केंद्र, इतकें मर्यादित विधान. तें अनुवाद आहे, व त्यानें संस्थापकाचें श्रेय तिळभरहि कमी होत नाहीं. उलट 'अर्ध्याहून अधिक' या दोन शब्दांतच या केंद्राचें वेगळेपण आहे. तेच शब्द गाळून उरलेल्या वाक्याचा डंका पिटला जातो, याचें आम्हांस नवल वाटतें.

हें वेगळेपण पैशाच्या व्यवहारांत स्पष्ट दिसतें. त्या काळापर्यंत मोठ्या कंपन्या जुन्या व प्रतिष्ठित पंथांस प्रवचनांसाठीं फुकट वेळ देत व तेवढ्यानें आपलें सार्वजनिक कर्तव्य पार पडलें असें मानीत. इतर पंथांस वेळ विकत घ्यावा लागे. १९६० त कमिशननें असें ठरविलें कीं, विकलेला वेळ व फुकट दिलेला वेळ यांत कर्तव्याच्या दृष्टीनें भेद नाहीं. तेव्हांपासून फुकट वेळ आटत गेला. रॉबर्टसन यांनीं तिसरा मार्ग धरला: केंद्रच आपलें, जाहिरात नको, व खर्च प्रेक्षकांनीं सोसावा. केंद्राचा मासिक खर्च ७,००० डॉलर होता. १९६३ सालीं त्यांनीं सलग कार्यक्रम करून प्रेक्षकांस आवाहन केलें कीं, दरमहा १० डॉलर देणारे ७०० जण पुढें यावेत. हा हिशेब इतका सरळ आहे कीं तो पहिल्या इयत्तेंतील मुलासहि पटावा, आणि त्याचें सामर्थ्यहि त्या सरळपणांतच होतें. 'सेव्हन हंड्रेड क्लब' हें नांव यावरून पडलें व १९६६ पासून तें एका कार्यक्रमास मिळालें. सातशेंची मर्यादा पुढें केव्हांच ओलांडली गेली. नांव मात्र तसेंच राहिलें. वस्ती शहराएवढी वाढली तरी 'वाडी' हें नांव सुटत नाहीं, तसें. ही संख्या म्हणजे केंद्राच्या पहिल्या गरजेचा कोरीव लेख आहे व तो आजहि वाचतां येतो.

त्या कार्यक्रमाच्या उत्पत्तीविषयीं दोन बखरी आहेत आणि त्या जुळत नाहींत. जिम बेकर हे तरुण प्रवचनकार व त्यांच्या पत्नी टॅमी फे हीं १९६५ त केंद्रावर आलीं व मुलांसाठीं बाहुल्यांचा कार्यक्रम करूं लागलीं. त्याच वर्षीच्या वर्गणीच्या आवाहनांत बेकर यांस प्रेक्षकांसमोर रडूं कोसळलें व दूरध्वनीची रीघ लागली, हें दोघांसहि मान्य आहे. 'सेव्हन हंड्रेड क्लब' या कार्यक्रमाचे पहिले सूत्रधारहि बेकरच. बेकर यांनीं १९७६ त 'मूव्ह दॅट माउंटन' हें आपलें पुस्तक काढलें. रात्रीं उशिरां पाहुण्यांशीं गप्पागोष्टी करण्याचा जो कार्यक्रम जॉनी कार्सन करीत, त्याच धर्तीचा ख्रिस्ती कार्यक्रम काढावा ही आपली कल्पना, असा त्यांचा सूर आहे. रॉबर्टसन यांच्या ग्रंथांत तो कार्यक्रम आवाहनाच्या रात्रींतून आपोआप वाढल्यासारखा दिसतो. कोणाचें प्रमाण मानावें? येथें लेखनकाल पाहावा. बेकर यांनीं केंद्र सोडलें तें १९७२ त. म्हणजे रॉबर्टसन यांचा ग्रंथ लिहिला जात होता तेव्हां दोघे एकाच छपराखालीं होते. बेकर यांचें पुस्तक आलें तोंवर त्यांनीं स्वतःची निराळी संस्था काढली होती. पुढें १९८७ त त्या संस्थेचा बोभाटा झाला व १९८९ त बेकर यांस फसवणुकीच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली. त्यानंतर या केंद्राविषयीं लिहिल्या गेलेल्या प्रत्येक हकीकतींत बेकर यांचा भाग फुगविण्याचा किंवा आंखडण्याचा मोह लेखकांस पडला असणार. या एका बाबतींत १९७२ चा ग्रंथ नंतरच्या सर्वांहून निर्मळ आहे. तरी आमचें मत असें कीं, कार्यक्रमाच्या घाटाविषयीं बेकर यांचें म्हणणें अधिक संभाव्य आहे. कारण तो घाट आवाहनाच्या कार्यक्रमाचा नसून मेज, पाहुणा व सूत्रधार असा गप्पांच्या कार्यक्रमाचाच आहे, आणि घाट हा प्रत्यक्ष पुरावा असतो.

लेखनिकाचा प्रश्न याहून अवघड. बकिंगहॅम हे धंद्यानें धर्मोपदेशक असून दुसऱ्यांचीं आत्मचरित्रें लिहून देण्यांत वाकबगार होते. निकी क्रूझ यांचें १९६८ चें 'रन बेबी रन' त्यांच्याच हातचें. ज्यानें सांगितलें तो एक व ज्यानें लिहिलें तो दुसरा, अशा ग्रंथांत शब्द कोणाचे हें ओळखणें कठीण. दहा-बारा वर्षांपूर्वींचे संवाद येथें अवतरणचिन्हांत जसेच्या तसे दिले आहेत. असे संवाद कोणीहि पाठ ठेवीत नसतो. संकट, प्रार्थना, ऐन वेळीं आलेली मदत, हा क्रम इतक्या वेळां येतो कीं तो घटनांचा आहे कीं लेखनिकाच्या वळणाचा, असा संशय बळावतो. आमच्या दृष्टीनें ग्रंथांतील संवाद इतिहासाचें साधन म्हणून वर्ज्य समजावेत. रकमा, नांवें व स्थळें यांचा विचार करावा.

पाठभेदाची बाब तर हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचेल. १९७२ च्या छापांत असा एक प्रसंग आहे: १९६६ त वडील सेनेटच्या निवडणुकीस पुनः उभे असतां पुत्राच्या मनांत साह्यास जाण्याचें आलें, पण ईश्वरी कार्य कोणाहि उमेदवाराच्या यशाशीं बांधूं नये, मग तो उमेदवार जन्मदाता का असेना, असा आदेश त्यास अंतःकरणांत ऐकूं आला. वडील त्या वर्षीं पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींतच पडले. पुढें १९८८ च्या अध्यक्षपदासाठीं रॉबर्टसन स्वतः उभे राहिले, आणि त्या सुमारास निघालेल्या छापांतून हा मजकूर गाळला गेल्याचें टीकाकारांनीं दाखवून दिलें. एकाच लेखकाच्या हयातींत, त्याच्याच नांवानें, चौदा-पंधरा वर्षांच्या आंत मूळ पाठ बदलतो. बदलाचें प्रयोजनहि उघड. आणि तरी ग्रंथाचें नांव तेंच. आपल्याकडील पोथ्यांत प्रक्षेप व लोप यांचा माग काढतांना नकलकाराचें मन कळण्यास मार्ग नसतो. येथें तो मार्ग उघडा आहे. या ग्रंथाचा आधार घेणाऱ्यानें कोणत्या छापाचा घेतला हें सांगितलेंच पाहिजे. बहुतेक जण तें सांगत नाहींत. डेव्हिड एड्विन हॅरेल या इतिहासकारांनीं १९८७ त रॉबर्टसन यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. राजकारणाच्या त्या धामधुमींतहि त्यांनीं स्तुति व निंदा दोन्हींपासून अंतर राखलें आहे, म्हणून पडताळ्यास तें अवश्य जवळ ठेवावें.

तिथींचाहि एक चमत्कार आहे. केंद्र सुरू झालें १ ऑक्टोबर १९६१ रोजीं. अध्यक्षपदाची उमेदवारी ब्रुकलिन येथें विधिपूर्वक जाहीर झाली ती १ ऑक्टोबर १९८७ रोजीं. 'सेव्हन हंड्रेड क्लब'च्या सूत्रधारपदावरून रॉबर्टसन यांनीं निवृत्ति घेतली ती १ ऑक्टोबर २०२१ रोजीं, बरोबर साठ वर्षांनीं. दुसरी तिथि २९ एप्रिल. १६०७ सालीं त्या दिवशीं इंग्रज वसाहतकारांनीं व्हर्जिनियाच्या केप हेन्री येथें क्रूस रोवला, असें सांगतात; संस्थेचें उपग्रहाद्वारें प्रक्षेपण सुरू झालें २९ एप्रिल १९७७ रोजीं, व वॉशिंग्टन येथील ज्या प्रचंड धर्ममेळाव्यांत रॉबर्टसन यांचा पुढाकार होता तो भरला २९ एप्रिल १९८० रोजीं. यांत असत्य कांहीं नाहीं. तारखा खऱ्याच आहेत. पण त्या मुहूर्त म्हणून निवडलेल्या आहेत, हें ओळखलें नाहीं तर भावी चरित्रकार त्यांत ईश्वरी संकेत तरी पाहील किंवा नकलकाराची लबाडी तरी. निवडलेल्या तारखेवरून कर्त्याचा हेतु कळतो, कार्यकारणभाव कळत नाहीं.

एवढा खटाटोप एका बखरीसाठीं कां करावा लागतो? याचें उत्तर शोचनीय आहे. केंद्रानें रोज काय दाखविलें, याचे मूळ पुरावे टिकण्याची व्यवस्थाच त्या काळीं नव्हती. चित्रफितीवर मुद्रण करण्याचें यंत्र अँपेक्स कंपनीनें १९५६ त बाजारांत आणलें. ती फीत दोन इंच रुंद, जड व महाग. म्हणून अमेरिकेंतील केंद्रें एकदां वापरलेली फीत पुसून तिजवर पुनः मुद्रण करीत. जुनें चर्मपत्र खरवडून त्यावर नवा मजकूर लिहिण्याची युरोपांतील मठांची रीत वाचकांस ठाऊक आहे. तेथें खालचीं अक्षरें कधीं कधीं उमटून येतात, येथें कांहींच येत नाहीं. प्रतिदिनींच्या कार्यक्रमांची नोंदवही ठेवणें कमिशनच्या नियमानें आवश्यक होतें, पण ती जपण्याची सक्ति दोन वर्षांपुरतीच. १९६८ च्या ऑगस्टपासून व्हँडरबिल्ट विद्यापीठानें मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांचें मुद्रण जपण्यास आरंभ केला. गांवोगांवच्या केंद्रांस त्यांत स्थान नव्हतें. शीन यांचीं प्रवचनें दाखविणाऱ्या ड्युमाँट कंपनीचा संग्रह तर बहुतेक नाहींसा झाला. तो न्यूयॉर्कच्या खाडींत बुडविण्यांत आला, अशी साक्ष १९९६ त लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या चौकशींत एका नटीनें दिली. जें पुसलें गेलें त्याची जागा आठवणींनीं भरली जाते, व आठवणी सांगणारा शेवटीं संस्थापकच उरतो.

तरी साधनें अगदींच नाहींत असें नव्हे. कमिशननें प्रत्येक केंद्रामागें ठेवलेलीं इतिहासपत्रकें आहेत. परवाना, नांवबदल, मालकी यांच्या तारखा त्यांवर असतात. 'ब्रॉडकास्टिंग' या पत्राचे वार्षिक ग्रंथ आहेत. स्थानिक वर्तमानपत्रांत कार्यक्रमांचें वेळापत्रक रोज छापलें जात असे. त्यावरून त्या संध्याकाळीं भजन होतें, प्रवचन होतें कीं जुना चित्रपट, हें ठरवितां येतें. सत्तरीच्या दशकांत या केंद्रावर धार्मिक कार्यक्रमांबरोबर घरगुती विनोदी मालिका व घोडेस्वारांच्या कथाहि दिसत, ही गोष्ट बखरीच्या वाचकास कळणार नाहीं, वेळापत्रकावरून कळते. 'अर्ध्याहून अधिक' या मूळच्या शब्दांचें पुढें काय झालें, हेंहि त्याच वेळापत्रकांतील तास मोजून काढतां येईल. दहा वर्षांचीं वेळापत्रकें उतरून त्यांची सारणी करणें हें कंटाळवाणें काम आहे. दप्तरखान्यांत बसून रोजकीर्दी उतरणाऱ्यांस त्याची किंमत सांगावयास नको.

मालकीची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. संस्थेनें अटलांटा, डॅलस व बॉस्टन येथेंहि केंद्रें चालविलीं. उपग्रहाचा मार्ग मिळाल्यावर जमिनीवरील मनोऱ्यांचें महत्त्व तिच्या लेखीं उतरलें व तीं एकामागून एक विकलीं गेलीं. पोर्ट्स्मथचें मूळ केंद्रहि १९८९ त विकलें गेलें. उपग्रहावरील मनोरंजनाची वाहिनी १९९७ त रूपर्ट मर्डोक यांच्या मंडळीस १९० कोटि डॉलरांस दिली गेली. पण विक्रीच्या करारांत 'सेव्हन हंड्रेड क्लब' चालू ठेवण्याची अट होती. वाहिनी पुढें २००१ त डिस्ने कंपनीकडे गेली, तिचें नांव दोनदां-तीनदां बदललें, व २०१६ त 'फ्रीफॉर्म' झालें. अट मात्र प्रत्येक धन्याबरोबर चालत आली. गांव मोकासदाराकडून मोकासदाराकडे जावा आणि त्यांतील देवाच्या दिवाबत्तीची जमीन तशीच चालावी, असा हा प्रकार. ज्यांनीं सनदा वाचल्या आहेत त्यांस या कराराचा मसुदा कोणा मुरब्बी मनुष्यानें लिहिला असला पाहिजे, हें तत्काळ ध्यानांत येईल. येल येथील कायद्याची पदवी अगदींच वायां गेली नाहीं म्हणावयाची.

रॉबर्टसन यांचें निधन ८ जून २०२३ रोजीं झालें. ज्या केंद्रापासून हें सारें निघालें त्याचें नांव १९८९ च्या विक्रीनंतर डब्ल्यू-जी-एन-टी असें झालें, व त्यांतील 'याह' गेलें. २७ हा क्रमांक राहिला. तोहि १२ जून २००९ रोजीं अमेरिकेंतील जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण बंद झाल्यापासून संचावर दाखविण्यापुरता आकडा आहे, लहरी दुसऱ्याच मार्गानें जातात.